खापरहून आणलेली गाडी

गाडी बघायला आम्ही खापरला पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती आणि ऊन एकदम अंगावर यायला लागलं होतं. बाजारपेठेतलं भुसार मालाचं दुकान, दुकानामागे दुमजली घर, घरापुढे फरशीचं अंगण आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली ती मोठी पांढरी इलेक्ट्रिक गाडी. गाडीचे मालक, सत्तरीचे व्यापारी, "या बेन, या भाऊ," म्हणत आम्हाला दुकानातून मागे घेऊन आले आणि चावी आणायला घरात गेले. मी गाडीकडे दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच खट्ट असा आवाज झाला. गाडीचे मिटलेले आरसे जनावराच्या कानांसारखे हळूहळू बाहेर आले. दिवे एकदा लुकलुकले. कुलूप उघडलं होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

दार उघडलं तर आतून गार हवा आली. वरचा पत्रा उन्हाने तडतडत होता, फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि त्या बंद गाडीत एसी चालू होता. इंजिन नसल्यामुळे आवाज कसलाच नाही. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खोलीत शिरावं तसं मला वाटलं.

व्यापारी चावी घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "काका, तुम्ही आधीच गार करून ठेवलीत का गाडी?"

ते क्षणभर हातातल्या चावीकडे बघत राहिले. मग त्यांनी वर, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे हिरवा पडदा ओढलेला होता.

"ती तशीच आहे," ते म्हणाले. "बसा ना बेन. बसून तर बघा."

मी नंदुरबारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. राहते रनाळ्याला, सासरच्या घरी. नवरा शेती करतो. मिरची, पपई, थोडा कापूस. शेतातल्या गोदामाच्या छतावर आम्ही दोन वर्षांपूर्वी सोलर बसवलं. दुपारी पंप बंद असला की तयार झालेली वीज वापराविना राहायची आणि मला त्याची हळहळ वाटायची. आमची जुनी डिझेल गाडी म्हातारी झाली तेव्हा मीच हट्ट धरला की आता घ्यायची तर विजेवरची, आणि उंच, कारण आमचा शेतरस्ता पावसाळ्यात ओढाच असतो. नवी परवडणारी नव्हती. म्हणून वापरलेली.

नवऱ्याचं म्हणणं होतं, वापरलेला ट्रॅक्टर घेता येतो, वापरलेला बैल घेता येतो, पण वापरलेली बॅटरी म्हणजे दुसऱ्याने अर्धा खाल्लेला आंबा. बाहेरून काय कळणार? मी म्हटलं, कळतं. महिनाभर मी तेवढंच वाचलं, तेवढेच व्हिडिओ पाहिले. गाडीच्या डॅशबोर्डखाली जोडून मोबाइलवर बॅटरीची तब्येत दाखवणारं छोटं यंत्र मी मागवून घेतलं. शाळेत मधल्या सुट्टीत मी बॅटरीबद्दलच बोलायची, इतकी की बाकीच्या बाया डबे घेऊन दुसऱ्या खोलीत बसायला लागल्या.

तर त्या दुपारी मी रीतसर तपासणी केली. यंत्र जोडलं. बॅटरीची क्षमता फारशी उतरलेली नव्हती. आतल्या सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं, त्यात एकही आडमुठा नाही. चार्जिंगच्या तोंडाशी पिना स्वच्छ, कुठे काळवंडलेल्या नाहीत. टायर जोडीने सारखे झिजलेले. पायाखालचं कार्पेट उचलून वास घेतला. ओल नाही, कुबट वास नाही. अंगणात गोणपाट टाकून मी चक्क गाडीखाली झोपले आणि टॉर्च मारला. बॅटरीचा तो लांबरुंद पेटारा गाडीच्या पोटाला असतो. तो खालून काळाभोर, नवा रंग मारलेला.

"अक्कलकुव्याला धुऊन रंग मारून घेतला," व्यापारी वाकून म्हणाले. "विकायची वस्तू स्वच्छ असावी."

"पाण्याबिण्यात गेली होती का कधी?"

"नाही बेन. मला तरी माहीत नाही."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. आजही मी हे खात्रीने सांगते.

मग आम्ही ती चालवून बघितली. हायवेने अक्कलकुवा, तिथून मोलगीच्या घाटाकडे. चढावर भरल्या एसीत ताकद कमी पडते का, उतारावर ब्रेक सोडला की बॅटरीत वीज परत येते का, खड्ड्यात सांधे वाजतात का, सगळं पाहिलं. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. उलट घाटात ती ज्या शांततेने चढत होती, त्यानेच मला जरा कसंतरी झालं. पानगळ झालेलं सागाचं रान, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाटेत एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आमच्याकडे पाठ करून चालली होती. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत तिला पत्ता नव्हता. वळून बघितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, की मी एकदम ब्रेक दाबला.

आणखी एक गोष्ट. मी सीट पुढे ओढून बसले होते, कारण माझे पाय आखूड. घाटात एका वळणावर गाडी बंद करून आम्ही खाली उतरलो. परत बसून चालू केली, तर सीट आपोआप सरसर मागे गेली. माझे पाय लोंबकळले. माझ्यापेक्षा पुष्कळ उंच माणसाची ती जागा होती.

"आधीच्या चालवणाऱ्याची सेटिंग असेल," मी म्हटलं. "या गाड्या लक्षात ठेवतात."

परत आल्यावर मी काकांना विचारलं, "चालवत कोण होतं?"

"मुलगा," ते म्हणाले. "आता तो चालवत नाही." आणि चहा सांगायला आत वळले. चहा त्यांची सून घेऊन आली. कप ठेवताना तिने मला हळूच विचारलं, "ताई, गाडी कुठे राहील? रनाळ्याला? लांब आहे ना ते?" मी अंतर सांगितलं, तर तिने मान हलवली आणि तीही वर खिडकीकडे बघून आत निघून गेली.

आम्ही गाडी घेतली. कागदपत्रं झाली, नावावर झाली. घेऊन निघालो त्या दिवशी काका अंगणात हात जोडून उभे होते. चावी माझ्या पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. मी बसायला दार उघडणार तेवढ्यात हॉर्न वाजला. एकदा, थांबून पुन्हा एकदा. लांबवर हाक मारावी तसा.

काका म्हणाले, "कशाला तरी धक्का लागला असेल."

रनाळ्याला गोदामाच्या भिंतीवर आम्ही चार्जर बसवून ठेवलेलाच होता. पहिल्या रविवारी ऊन वर आल्यावर मी गाडीला वायर लावली. हिरवा दिवा लागला. मी घरात येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं. थोड्या वेळाने जाऊन बघते तर चार्जिंग बंद. वायर तशीच, दिवा विझलेला. पुन्हा लावली. पुन्हा हिरवा दिवा. या वेळी मी तिथेच पपईच्या खोक्यावर बसून राहिले. मोजून पाच-सात मिनिटं गेली असतील. गाडीच्या पोटातून टक असा आवाज आला, आणि दिवा गेला.

नवऱ्याने आधी वायरमनला बोलावलं. अर्थिंग तपासलं, सोलरचा इन्व्हर्टर तपासला. त्याच चार्जरवर शहाद्याच्या एका ओळखीच्याची गाडी लावून पाहिली, ती तासभर सुतासारखी सरळ चार्ज झाली. आमची लावली की टक. मी माझं यंत्र जोडलं. एकही दोष नाही. गाडी म्हणत होती, मी ठणठणीत आहे.

मग हळूहळू आमच्या लक्षात आलं की ती पहाटे चार्ज होते. सूर्य उगवायच्या आधी लावली तर काही अडचण नाही. दिवस वर आला, माणसं जागी झाली, की बंद. दुपारी तर हमखास. म्हणजे ज्या फुकटच्या उन्हासाठी मी ती घेतली होती, तेच तिला चालत नव्हतं.

आमच्या भागात भर दुपारची वेळ चांगली मानत नाहीत. बाराच्या उन्हात विहिरीवर जाऊ नये, पिंपळाखालून जाऊ नये, असं बाया सांगतात. मी मुलांना सावली लहान का होते ते शिकवणारी बाई, मी यातलं काही मानत नाही. पण तेव्हा मिरची वाळत घातलेली होती. गोदामापुढचं सगळं खळं लालभडक, हवेत ठसका, वारा नाही, आणि त्या लाल रंगाच्या मधोमध ती पांढरी गाडी. दुपारी सगळं निजलेलं असताना ती अचानक आरसे बाहेर काढायची. दिवे लुकलुकायचे. कधी आतला एसी सुरू व्हायचा आणि रिकाम्या गाडीच्या काचांवर बाहेरून गारव्याची वाफ धरायची.

मिरची निवडायला येणाऱ्या बायांनी एक दिवस आपली बसायची जागा बदलली. गाडीसमोरून उठून त्या गोदामाच्या मागे जाऊन बसल्या. मी कारण विचारलं तेव्हा त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "बाई, तुमनी गाडी आमले देखी ऱ्हायनी."

गाडी बघते म्हणे! मी हसले. पण त्या दिवसानंतर मीही गाडीच्या पुढून जायचं टाळायला लागले. मागून वळसा घालून जायची.

एकदा मी ठरवून आत बसले. शनिवार होता, सकाळची शाळा करून आले होते. वायर लावली, दार ओढून घेतलं, आणि सीट मागे सरकते ती सरकू दिली. पडद्यावर हिरवी रेघ वर चढत होती. बाहेर सगळं लाल. मला वाटायला लागलं की कुणीतरी या क्षणी माझ्याकडे लक्ष देऊन आहे. शेजारच्या सीटवर नाही, मागेही नाही. गाडीत नाहीच, पण आहे. आपण गाढ झोपेत असताना कुणी उशाशी येऊन उभं राहिलं की जाग येते ना, तसं. आणि टक. रेघ थांबली. मी हात न लावता, कुणीही हात न लावता.

मी घाईघाईने बाहेर आले आणि दार आपटलं. नवरा मिरची पालथी करत होता. तो फावडं टाकून आला.

"काय व्हयनं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुन्हा बंद झालं."

"तू सायन्सनी मास्तरीन शे ना," तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. "मंग तू सांग. मन्हं डोकं चालत नही आते."

सोमवारी मी गाडीच्या कंपनीच्या धुळ्यातल्या वर्कशॉपला फोन लावला आणि सगळं सांगितलं, फक्त मला काय वाटलं ते सोडून. फोनवरचा तंत्रज्ञ तरुण, बोलायला मोकळा होता. त्याने गाडीचा नंबर विचारला, थोडा वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला.

"मॅडम, गाडीचं ॲप तुमच्या फोनवर आहे का?"

"नाही. सिग्नलची बोंब आहे आमच्याकडे. नंतर घेऊ म्हटलं."

"मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर आहे. जुना मालक असेल. चार्जिंग ॲपवरून बंद केलं जातंय. गाडीत वेगळं सिम असतं, तुमच्या फोनला रेंज नसली तरी त्याला असते. एसी, हॉर्न, कुलूप, सगळं तिथूनच. कागदावर गाडी तुमची झाली, पण ॲपवर अजून त्याचीच आहे. लोक नेमकं हेच विसरतात. काढून टाकू का त्याला?"

महिनाभर मी काय काय वाचलं होतं, आणि हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. भूत नव्हतं, फोन होता. पण फोन ठेवल्यावर माझ्या अंगावर आधीपेक्षा जास्त काटा आला. भूत असतं तर ते गाडीत असतं. हा जिवंत माणूस होता, तो इतक्या लांब बसून आम्ही कधी वायर लावतो याची वाट बघत होता. दिवसभर. रोज.

नवरा तापला. "काढी टाक त्याले. आपली गाडी शे ती आते."

"काढू," मी म्हटलं. "पण आधी मला बघायचंय तो कोण आहे. तो हॉर्न वाजवतो, एसी लावतो, ते जाऊ दे. पण चार्जिंगच का बंद करतो?"

पुढच्या सुट्टीला आम्ही खापरला गेलो. दुकानात काका एकटेच होते. मी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. ते गल्ल्यावरून उठले आणि म्हणाले, "चला. वर चला."

हिरव्या पडद्यामागच्या खोलीत पलंगावर एक उंच माणूस उशांना टेकून बसवलेला होता. माझ्याच वयाचा असेल. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव. डाव्या हातात मोबाइल. डोळे मात्र असे होते की मी दारातच थांबले. ते डोळे मला ओळखत होते. मी गाडीखाली गोणपाटावर झोपले होते तेव्हापासून ओळखत होते.

"पावसाळ्यात झटका आला," काका म्हणाले. "वाचा गेली, अक्षरंही जुळवता येत नाहीत. हा एकच हात चालतो. विकताना मी सांगितलं नाही, बेन, कारण लोक म्हणतात अशा घरातली वस्तू घेऊ नये."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला बसली. "फोनवर गाडी कुठे आहे ते दिसतं त्यांना," ती म्हणाली. "दिवसभर तेच बघतात. मला वाटायचं, विरंगुळा आहे. तुम्ही आलात त्या दिवशी त्यांनीच गार केली होती, पाहुणे आले म्हणून. पण तुम्हाला त्रास देत होते हे खरंच मला माहीत नव्हतं."

"आमच्याकडे होती तेव्हाही चार्जिंग बंद पडायचं," काका म्हणाले. "मी समजलो, घरची लाईन खराब. मग अक्कलकुव्याला बाहेर चार्ज करून आणली. त्याला गाडी विकायची नाही, असं आम्हाला वाटलं. किती ओरडला तो त्या दिवशी."

ते बोलत असताना तो माणूस माझ्याकडे बघत डोकं हलवत होता. एका बाजूला, पुन्हा पुन्हा. नाही. नाही.

मी पलंगाजवळ गेले. वर्गात बोलते त्या आवाजात विचारलं, "गाडी विकू नका, असं म्हणायचं नव्हतं तुम्हाला?"

नाही.

"गाडीत काही बिघाड आहे?"

त्याच्या घशातून एक लांब आवाज निघाला. त्याने मोबाइल चादरीवर ठेवला, बोटांनी धडपडत पालथा केला, आणि मधल्या बोटाच्या नखाने त्याच्या पाठीवर ओरखडा ओढला. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. नवरा माझ्यामागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "खालनी बाजू."

मग त्या माणसाने हात लांबवून तांब्यात बोटं बुडवली आणि ओली बोटं त्याच ओरखड्यावर दाबून धरली. पाणी मोबाइलच्या पाठीवरून चादरीत उतरलं. तो बायकोकडे बघत होता.

ती बघता बघता पांढरी पडली. "अरे देवा," ती म्हणाली. "झटका आला त्याच्या आदल्या दिवशी. डोंगराकडच्या गावात वसुलीला गेले होते. नदीला पाणी होतं, तरी फरशी-पुलावरून गाडी काढली. घरी आले ते म्हणाले, खाली दगड लागला, मोठा आवाज झाला, पाणीही होतं, उद्या वर्कशॉपला दाखवतो. मी जेवायला वाढत होते, मी नुसतं हो म्हटलं. सकाळी न्हाणीत पडले. मग मला काही आठवलंच नाही हो. गाडीची कुणाला आठवण राहणार?"

तो ऐकत होता. त्याने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतके महिने तो एकच वाक्य बोलत होता. घरच्यांना तो हट्ट वाटत होता, आम्हाला भूतबाधा.

गाडी आम्ही स्वतः चालवत धुळ्याला न्यायचं धाडस केलं नाही. टोइंगच्या ट्रकवर चढवून नेली. वर्कशॉपमध्ये लिफ्टवर ती वर चढली तेव्हा आम्ही दोघं खाली उभे होतो. तोच मोकळा बोलणारा तंत्रज्ञ वर बघत म्हणाला, "काही दिसत नाही मॅडम, सगळं मस्त आहे." मग त्याने नव्या काळ्या रंगावरून तळहात फिरवला आणि एका जागी हात थांबला. रंग खरवडला, त्याखाली भरलेली पुट्टी निघाली. खाली पेटाऱ्याला चेपलेला खड्डा होता, आणि खड्ड्यापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर. आवरण उघडलं तेव्हा आतून चमचाभर पाणी त्याच्या हातमोज्यावर सांडलं. गेल्या पावसाळ्यातलं पाणी. आतल्या जोडांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती.

त्यानंतर तो मोकळा बोलला नाही. "हे वाढत जातं," एवढंच म्हणाला. "सेलपर्यंत पोहोचलं नव्हतं म्हणून तुमच्या यंत्राला काही दिसलं नाही. एखाद्या दिवशी चार्जिंगला लावून तुम्ही घरात गेला असता, आणि..." त्याने पुढचं गिळलं. गोदामात वाळलेली मिरची पोत्यांनी भरलेली असते, हे त्याला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं. नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

दुरुस्तीला बरेच दिवस लागले. काकांनी गाडी परत घ्यायची तयारी दाखवली, दोनदा रनाळ्याला येऊन गेले. आम्ही नाही म्हटलं. मग दुरुस्तीचं त्यांनी परस्पर वर्कशॉपला बघितलं आणि त्यावर आम्हाला एक शब्द बोलू दिला नाही. नवऱ्याने त्यांच्याकडे पपईची खोकी पाठवली, ती त्यांनी ठेवून घेतली.

गाडी हातात आली तेव्हा ती घेऊन आम्ही आधी खापरला गेलो. ॲप माझ्या फोनवर घ्यायचं होतं, आणि त्यासाठी आधीच्या मालकाने स्वतःच्या फोनवरून सोडावं लागतं. वर्कशॉपला सांगून ते परस्परही झालं असतं. पण मला ते बरोबर वाटलं नाही. मी त्याला सांगितलं, बॅटरी दुरुस्त झाली, आता काळजी नाही. त्याने ऐकून घेतलं. मग अंगठा स्क्रीनवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि दाबला. फोन बायकोकडे देऊन तो खिडकीबाहेर बघायला लागला.

नवराच म्हणाला, "आपण यांना एक चक्कर मारून आणूया का?"

दुकानातल्या हमालांनी खुर्चीसकट त्याला खाली आणलं. पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. बायको मागे बसली, नवरा तिच्या शेजारी, आणि गाडी मी चालवायला घेतली. हायवेला लागल्यावर त्याने डाव्या हाताने दाखवलं, इकडे. पुढे पुन्हा, इकडे. गावं मागे पडली, रस्ता अरुंद झाला. चैत्राचं ऊन, पळस फुलून गळून गेलेला. शेवटी त्याने तळहात उभा धरला तेव्हा मी थांबवली.

समोर नदीवरची फरशी होती. नदीत पाणी नव्हतं. दोन्ही बाजूंना पांढरे गोटे पसरलेले, इतके पांढरे की बघवत नव्हतं. कुठे गुरं नाहीत, माणूस नाही. मी गाडी बंद केली. काही बंद झाल्याचा आवाजही झाला नाही.

तो त्या गोट्यांकडे बघत राहिला. यातला कुठला दगड, हे तो शोधत होता की काय, मला ठाऊक नाही. आम्ही चौघं तसेच बसून राहिलो आणि कोरड्या पात्रावर ऊन हलत होतं, पाणी हलावं तसं. एका क्षणी मला स्पष्ट वाटलं की पाणी आहे, वाढतंय, आणि आपण इथून निघायला हवं. मी त्याच्याकडे वळले. तोही पाण्याकडे बघावं तसाच बघत होता, सावध, हात दाराच्या मुठीवर.

मग त्याने मूठ सोडली आणि बोटांनी मला मागे वळायची खूण केली.